मामाचा बावीस वर्षांचा कान

आमच्या गावात माणसाला एकटं सोडणं म्हणजे त्याचा अपमान. माणूस आजारी असो, रुसलेला असो की मेलेला असो, त्याच्याजवळ किमान चार जण बसलेले असतात. त्यामुळे फोनने पहिलीच सूचना 'शांत खोलीत एकटे बसा' अशी दिली, तेव्हा चाचणी सुरू व्हायच्या आधीच अडकली.

"एकटं म्हणजे किती जण?" सालेसी मामाने विचारलं.

"एकटं म्हणजे एक," पेसी म्हणाली. पेसी आमच्या दवाखान्यातली नर्स. ऑकलंडला दोन वर्षं शिकून आल्यापासून ती असं काहीतरी बोलते.

चाचणी कानांची होती. फोनमध्ये एक बाई आपल्या टोंगन भाषेत तीन आकडे म्हणते आणि तिच्या मागे नुसती खरखर चालू असते, पत्र्यावर कुणी वाळू ओतत असल्यासारखी. आपण ते आकडे दाबायचे. बरोबर आले की पुढच्या वेळी बाई आणखी हळू बोलते, चुकले की जरा मोठ्याने. असं तेवीस वेळा. शेवटी फोन सांगतो की गोंगाटात तुम्हाला माणसाचं बोलणं कितपत कळतं. डॉक्टर नको, बोटीने राजधानीला जायला नको, आपली परीक्षा आपणच घ्यायची.

"म्हणजे पेपर पण आपला आणि पहारा पण आपलाच," मानासे म्हणाला. "आम्ही शाळेत होतो तेव्हा कुठे होता हा फोन?"

मानासे आमच्या चर्चच्या क्वायरमधला मुख्य खर्जवाला. आणि सालेसी मामा एकतीस वर्षं त्या क्वायरचा मास्तर. सहा आठवड्यांवर चर्चची वार्षिक सभा आली होती. सगळ्या बेटांवरच्या क्वायर राजधानीत जमतात आणि एकमेकींना गाऊन गार करतात. तिथे आमच्यापुढे छडी घेऊन कोण उभं राहणार, मामा की दुसरं कुणी, हे त्या फोनवर ठरणार होतं.

कारण दोन वर्षांपासून मामाला वरच्या आवाजाच्या बायका ऐकू येत नव्हत्या. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोललं नव्हतं. उलट बायकांनी गायच्या आधी खांदे उचलून दांडगा श्वास घ्यायला सुरुवात केली, म्हणजे मामाला निदान दिसावं. लांबून बघणाऱ्याला वाटायचं की क्वायर आत्ताच पाण्यातून वर आली आहे. बोलताना काही ऐकू आलं नाही की मामा "देवाची कृपा" म्हणायचा. आमच्याकडे दहातल्या आठ प्रश्नांना हे उत्तर चालतं. एकदा त्याला सांगितलं की तुझं डुक्कर पाद्रीसाहेबांच्या रताळ्यांत शिरलंय, तेव्हाही तो हेच म्हणाला. डुक्कर तासभर आत होतं.

आता माझं सांगतो. मला मामाने दोनदा क्वायरमधून काढलं होतं, सोळाव्या वर्षी एकदा आणि सतराव्या वर्षी एकदा. माझे कान उत्तम आहेत, गळा त्यांचं ऐकत नाही. विसाव्या वर्षी तिसऱ्यांदा गेलो. मामाने डोळे मिटून ऐकलं, मान डोलावली आणि म्हणाला, "सुधारलास रे कालाफी." घरी आईने डुक्कर कापलं. मी सुधारलो नव्हतो हे मला पहिल्याच तालमीत कळलं, शेजारचे दोघे हळूहळू लांब सरकले त्यावरून. पण मी गप्प राहिलो. क्वायरमध्ये असलं की सभेला बोट फुकट असते आणि आठवडाभर जेवण वाढायला आख्ख्या राजधानीतल्या बायका असतात.

गप्प राहायचा हक्क मला सगळ्यात कमी होता. आमच्याकडे भाचा मामापेक्षा वरचा. मी मामाच्या घरातून कुऱ्हाड, शर्ट, डुकराचं पिलू, काहीही न विचारता उचलून आणावं आणि त्याने हसत बघावं, अशी रीत आहे. चारचौघांत त्याची टिंगल मी करू शकतो, दुसऱ्याने केली तर दात पडतील. म्हणजे मामाला तोंडावर 'तू बहिरा झालास' म्हणू शकेल असा माणूस गावात एकच होता, आणि तो खर्जवाल्यांत फुकटात उभा होता.

छडीला दुसरा दावेदार फेलेती. आमच्याच गावचा, पण अकरा वर्षं ऑकलंडच्या मोठ्या चर्चमध्ये गाऊन परत आलेला. माणूस वाईट नव्हता. वेळेवर यायचा, एवढंच. मला पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याने शेजाऱ्याला विचारलं, "हा कुणाला शोधतोय का?" आणि तालमीआधी कावा, म्हणजे झाडाची मुळं कुटून केलेलं आमचं गुंगीचं पेय, प्यायल्याने जीभ जड होते, तेव्हा तो बंद करावा, असं तो खर्जवाल्यांसमोर बोलून गेला. मला सोडून खर्जवाले सहा आहेत आणि तालमीला ते मुख्यतः कावा प्यायलाच येतात. त्या दिवशी सहाही जणांची खात्री पटली की सालेसी मास्तरांच्या कानांना काहीही झालेलं नाही.

पाद्रीसाहेबांना कुणाचंच मन मोडायचं नव्हतं. ते म्हणाले, "फोन ठरवेल. फोनला नातेवाईक नसतात."

चाचणीच्या आदल्या दिवशी दुपारी मामाने मला घरामागे बोलावलं. तो डुकरांसाठी नारळ फोडत होता.

"मला ऐकू येतं का रे?"

"उद्या फोन सांगेल की."

"फोनला मी ओळखत नाही." त्याने एक नारळ फोडून बाजूला टाकला. "लोक माझ्याशी फार चांगलं वागायला लागलेत. चांगलं वागणाऱ्याकडून काही कळत नाही. ऐकू येत नसेल तर छडी मी स्वतः फेलेतीच्या हातात देईन. वाईट वाटणार नाही. म्हणजे वाटेल, पण देईन. फक्त कुणीतरी मला खरं सांगायला पाहिजे, आणि तो मान तुझा आहे."

"मी काय सांगणार?"

"ऐक. पेसीने दोन बोंडं दिलीत कानात घालायला. एक मी घालतो, एक तू घाल. ती म्हणते एकट्याने बसा, पण तू काय परका आहेस? माझ्या मागे बस. समोर नको, समोरच्या माणसाचं तोंड बघून मी ओळखतो." हे त्याने इतक्या सहज सांगितलं की मला नारळांकडे बघावं लागलं. "मी काय दाबतो ते बघत राहा. फोनने काहीही सांगू दे, मी चुकलो की तुला कळेल. मग तू मला सांग."

"सांगेन," मी म्हणालो. फार पटकन म्हणालो.

संध्याकाळी कावा प्यायच्या बैठकीत मी हे मानासेला सांगितलं. मी नसतं सांगितलं तर पुढचं काही झालं नसतं, हे मला मान्य आहे.

आमची गाणी आकड्यांत लिहिलेली असतात. तीनपासून नऊपर्यंत. तीन म्हणजे सा, चार म्हणजे रे, असं करत नऊ म्हणजे नी. कुणा मिशनऱ्याने फार पूर्वी तसं ठरवलं आणि तेव्हापासून चर्चच्या फळ्यावर आकडे लिहिले की आख्खं गाव ते गातं. त्यामुळे 'पाच, आठ, तीन' म्हटल्यावर मामाला हिशेब आठवत नाही, चाल आठवते.

"मग सोपं आहे," मानासे म्हणाला. "कालाफीला आकडे ऐकू येणार. त्याने मागच्या खिडकीतून बोटं दाखवायची. आपण खिडकीखाली बसून तेवढे सूर गुणगुणायचे. खर्ज मास्तरांना अजून चांगला ऐकू येतो. एका कानात बोंड असलं की आवाज कुठून येतोय ते कळत पण नाही."

"एवढं कशाला, मीच त्याच्या मागे बसून गुणगुणतो की," मी म्हणालो.

सहाही जण माझ्याकडे बघत राहिले.

"तू गुणगुणलास तर तो नापास होईल," मानासे म्हणाला.

एक आणि दोनला आमच्याकडे सूरच नाहीत, त्याच्यावर कावाचं एक मोठं भांडं संपलं. शेवटी ठरलं की एकला पाय एकदा आपटायचा, दोनला दोनदा. शून्याला काही नाही, शून्य म्हणजे विसावा. मानासेने सा सतत धरून ठेवायचा, बाकीच्यांनी त्याच्यावर सूर लावायचे. उठताना मानासे म्हणाला, "लुसेआने मामीला कळू देऊ नका. ती खोटं बोलत नाही. लहानपणापासून तशीच आहे."

लुसेआने मामी म्हणजे मामाची बायको आणि आमच्या क्वायरचा सगळ्यात वरचा आवाज.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा कमरेला चटई बांधून आला. मानाच्या प्रसंगी आम्ही बांधतोच, पण फोनसाठी बांधलेली मी पहिल्यांदा पाहिली. पेसीने चर्चच्या सभागृहातून चौदा माणसांना बाहेर काढलं आणि फाटकापाशी पहारा द्यायला उभी राहिली. मला मामाने सोडलं नाही, मी एक बोंड घालून त्याच्या मागे बसलो. खिडकी मागच्या बाजूला होती.

"सहा, तीन, नऊ," बाई म्हणाली.

मी पाठीमागे हात नेऊन खिडकीतून बोटं दाखवली. खालून म, सा, नी आलं, मऊ, गळ्यातल्या गळ्यात. मामाचं बोट फोनवर अधांतरी थांबलं होतं. ते हळूच खाली आलं. सहा, तीन, नऊ. मला त्याचा चेहरा दिसत नव्हता, पण मान दिसत होती. माणूस हसला की मानेलाही कळतं.

"चार, दोन, आठ." रे, धप धप, ध.

दहाव्या फेरीपर्यंत बाई पुटपुटायला लागली. चौदाव्या फेरीला मी श्वास धरला. सतराव्या फेरीला बाई गेलीच, नुसती वाळू उरली, आणि मी अंदाजाने बोटं दाखवली. चुकली. फोनने तिला जरा जवळ आणलं, मला कळलं, परत लांब नेलं. असं करत फोनने अगदी प्रामाणिकपणे शोधून काढलं की कुठपर्यंत ऐकू येतं. कुणाला, एवढंच त्याला माहीत नव्हतं.

फोनचा पडदा हिरवा झाला, म्हणजे पास. मामाने बोंड काढलं आणि माझ्याकडे वळला.

"फोनचं सोड. तू सांग."

"थोडेच चुकले," मी म्हणालो. तसं ते खरंच होतं.

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "तुला सांगू? ती बाई मला नीट आलीच नाही. सूर आले. फोन गात होता."

"नवीन फोन आहेत, मामा."

"पाय पण आपटत होता."

"हो."

"आवाज आपल्या मानासेसारखा."

"खर्ज सगळे सारखेच लागतात."

पेसी म्हणाली की एकसष्टाव्या वर्षी असा कान तिने पाहिला नाही. तिने तो निकाल ऑकलंडला कळवला आणि तिथून विचारणा आली की हा गृहस्थ रोज काय खातो. आम्ही रताळी असं कळवलं. फोनच्या मते मामाचा कान बावीस वर्षांचा होता. फोन चुकला नव्हता. कान बावीस वर्षांचाच होता, फक्त तो माझ्या डोक्याला होता.

पुढच्या तालमीला खर्जवाल्यांनी दुप्पट कावा पिऊन आनंद साजरा केला. मामाने छडी उचलली, आम्ही गायला लागलो, आणि आठ ओळींनंतर त्याने थांबवलं.

"वरच्या बायका गात नाहीयेत."

"गातोय की, मास्तर."

"मला ऐकू येत नाहीये," मामा म्हणाला. दोन वर्षं हे वाक्य त्याने भीतीने पोटात ठेवलं होतं. आता त्याने ते तक्रार म्हणून बाहेर काढलं. "माझ्या कानांना काही झालेलं नाही, हे आता सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे तुम्ही गात नाही. तोंडं हलवता."

आमच्यातल्या कुणीच हा विचार केला नव्हता. जे मामाला ऐकू येत नव्हतं ते आता अस्तित्वातच नव्हतं. पहिल्या आठवड्यात वरच्या बायका ओरडायला लागल्या. दुसऱ्या आठवड्यात दोघींचे घसे बसले आणि मामाने त्यांना आळशी म्हणून घरी पाठवलं. पेटीवाल्याला त्याने सांगितलं की तुझ्या उजव्या हातात जीव नाही. खर्जवाले मात्र त्याला स्वच्छ ऐकू येत होते, म्हणून त्यांना पुढे आणून उभं केलं आणि बाकीच्यांना सांगितलं, यांच्यासारखं गा. मला त्याने दोन ओळी एकट्याला दिल्या. मी त्या गायलो तेव्हा फेलेतीने डोळे मिटून घेतले, दाढ दुखताना मिटतात तसे.

"त्याला सांगायला पाहिजे," मी मानासेला म्हणालो.

"सभा होऊ दे. मग सांगू."

"आणि तोवर?"

"तोवर तू पण गाऊ नकोस फार," मानासे म्हणाला.

चौथ्या आठवड्यात तिसऱ्या कडव्याची तालीम होती. तिथे सगळे गप्प होतात आणि लुसेआने मामी एकटी वरच्या सुरात आत येते. तिला ऐकायला शेजारच्या गावचे लोक कुंपणापाशी येऊन बसतात. ती आली. मामाने तिच्या तोंडाकडे पाहिलं, छडी खाली घेतली.

"लुसेआने, तुझा आवाज गेला."

सभागृहात चाळीस माणसं होती. मामीने भांडण केलं नाही. "कधीपासून?" तिने विचारलं.

"दोन वर्षं झाली असतील. मला वाटायचं माझेच कान गेले. म्हणून बोललो नाही."

"सांगायचं होतंस," मामी म्हणाली आणि बाकावर जाऊन बसली.

सहा खर्जवाले जमिनीकडे बघत होते. मी छताकडे बघितलं, जमिनीवर जागा नव्हती.

दोन दिवसांनी मी बायकांच्या विणायच्या घरावरून चाललो होतो. सहा-सात जणी पानांच्या पट्ट्या घेऊन चटई विणत बसल्या होत्या. मामीने मला हाक मारली.

"तुझे कान चांगले आहेत, कालाफी. तुझ्या मामाचं राहू दे, तो नवरा आहे. तू ऐक."

आणि तिने बसल्या बसल्या तिसऱ्या कडव्याची ती चार सुरांची सुरुवात गाऊन दाखवली. हळू, हातातली पट्टी न सोडता. विणणाऱ्या बायकांचे हात थांबले. आवाज होता तसाच होता. मला वाटतं थोडा जास्तच चांगला होता, भीतीने.

"गेलाय का?"

आता बोलायचं होतं. पण आवाज आहे म्हटलं की मग मामाचे कान गेले, मामाचे कान गेले म्हटलं की मग फोन, आणि फोनच्या मागे माझी दहा बोटं.

"थोडा," मी म्हणालो.

"बरं."

बाकीच्या बायका काही बोलल्या नाहीत. त्यांनी नीट ऐकलं होतं. पण मास्तर म्हणाला गेला, हिरवा फोन मास्तरच्या बाजूने, आता भाचाही म्हणाला गेला. त्यांना वाटलं असेल की आपल्यालाच काही कळत नाही. मामीने पट्टी पुढे विणली. दुसऱ्या दिवशी तिने सभेसाठी शिवलेला पांढरा पोशाख फेलेतीच्या पुतणीला देऊन टाकला. "तुला आखूड होईल," ती म्हणाली, "खाली पट्टी लावून घे." पट्टीचं कापडही तिने दिलं. हे मला आईने सांगितलं. मी ताटातलं रताळं तसंच ठेवून उठलो.

शनिवारी सकाळी मी मामाच्या मळ्यात गेलो. तो खणत होता.

"मामा, ती चाचणी खोटी होती."

"देवाची कृपा," मामा म्हणाला.

मी जरा मोठ्याने सांगितलं. तो माझ्याकडे बघून हसला आणि मान डोलावली. बहिऱ्या माणसाला गुपित सांगता येत नाही, ही अडचण मी धरलीच नव्हती. तिसऱ्या वेळी मी ओरडलो. "आम्ही तुला फसवलं. मी बोटं दाखवली. खर्जवाले खिडकीखाली गुणगुणत होते. तुला ऐकू येत नाही. मामीचा आवाज ठीक आहे." शेजारच्या तीन मळ्यांतले लोक कमरा सरळ करून उभे राहिले.

मामाने खणायची काठी जमिनीत रोवली.

"सगळे होते?"

"सहा, आणि मी."

"सा मानासेने धरला होता?"

"हो."

"चांगला धरला होता," मामा म्हणाला. "त्यांना मी काही विचारलं नव्हतं. त्यांनी त्यांना जमतं ते केलं. तुला मी विचारलं होतं. अर्धा कान काढून तुझ्या हातात दिला होता."

"मामा, मी..."

"आणि लुसेआनेला मी काय बोललो तेव्हा तू तिथे होतास."

"होतो."

आमच्याकडे मामाने भाच्यावर हात उचलायचा नसतो, आवाजही चढवायचा नसतो. त्याने दोन्ही केलं नाही. त्याने जमिनीवरची आपली चटई झटकली आणि झाडाखाली माझ्यासाठी अंथरली.

"ऊन फार झालंय. आपण सावलीत बसावं," तो म्हणाला. असं आम्ही सरदारांशी बोलतो. मला जन्मापासून तो अरे-तुरे करत आला होता. मी बसलो नाही, उभाही राहिलो नाही, मधेच कुठेतरी वाकून राहिलो, आणि तो माझ्यासाठी शहाळं सोलत राहिला.

दुपारी त्याने पेसीकडून फोन मागून घेतला, सभागृहात गेला, आणि सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. सगळ्यांना. आमच्या गावात असं कुणी कधी केलेलं नाही, म्हणून बघायला दीडशे माणसं येऊन गवतावर बसली. खोकणाऱ्यांना लांब पाठवलं. पेसीने मागच्या खिडकीपाशी स्वतः उभं राहून खर्जवाल्यांकडे असं पाहिलं की मानासे आपला देह घेऊन कुंपणाबाहेर गेला. आतून काही आवाज नाही. मामीही आली होती. तिने मला पाहिलं, आणि मग दाराकडे पाहिलं. मळ्यातलं माझं ओरडणं तोवर गावभर झालं होतं.

मामा बाहेर आला तेव्हा पडदा लाल होता. त्याने तो सगळ्यांना दिसेल असा धरला.

"मशीन बसवता येईल, मास्तर," पेसी म्हणाली. तोंड त्याच्याकडे करून, सावकाश. "राजधानीला जावं लागेल."

"सभेच्या आधी होईल?"

"नाही."

"बरं," मामा म्हणाला.

रविवारी चर्चमध्ये तो पुढे जाऊन उभा राहिला. "मी पास झालो होतो ते खोटं होतं. कसं झालं ते कुणाला विचारू नका. मीच केलं असं समजा."

मी उठायला लागलो. आईने माझा शर्ट धरून मला खाली ओढलं. "त्याने झाकलंय," ती पुटपुटली, "तू उघडू नकोस." मी सहा खर्जवाल्यांकडे पाहिलं. त्यांना ओढायला कुणी नव्हतं, तरी ते बसले होते.

"माझ्या बायकोला मी चाळीस माणसांसमोर म्हणालो की तिचा आवाज गेला. गेला नव्हता. माझे कान गेलेत. त्या चाळीसही जणांना ती ऐकू आली होती," मामा म्हणाला. मग त्याने फेलेतीच्या हातात छडी दिली आणि येऊन पहिल्या बाकावर बसला.

फेलेतीने एक चांगली गोष्ट केली. तो खाली आला, मामीसमोर वाकला, आणि तिला हात धरून तिच्या जागेवर नेऊन उभं केलं. पूर्ण चर्च हललं. कुणी डोळे पुसले. मानासेने इतका मोठा सुस्कारा सोडला की पुढच्या बाईची टोपी हलली. झालं, मिटलं, असं आम्हा सातही जणांच्या तोंडावर लिहिलेलं असणार.

गाणं सुरू झालं. पहिलं कडवं, दुसरं कडवं. वरच्या बायका दोन वर्षांत पहिल्यांदा खांदे न उचलता गात होत्या. तिसरं कडवं आलं. सगळे गप्प झाले. फेलेतीने छडी मामीकडे नेली आणि हळूच वर उचलली.

मामी सरळ उभी होती. तिने आमच्याकडे पाहिलं, एकेकाकडे, आणि शेवटी माझ्याकडे. तोंड बंद होतं. एक ठोका गेला, दुसरा गेला.

पहिल्या बाकावर मामाचा उजवा हात आपोआप वर गेला होता, एकतीस वर्षांची सवय. त्याला काही ऐकू येत नव्हतं, पण तो तिच्या ओठांकडे बघत होता, आणि हात हवेत तसाच होता.

तिच्या चार सुरांचे चारही ठोके रिकामे गेले. फेलेती थांबला नाही, त्याला थांबता येत नव्हतं. पाचव्या ठोक्याला आम्ही सगळे आत शिरलो, बरोबर वेळेवर.